दोन देश, एक राजा आणि नाशिकचा छापखाना

१५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी मुंबईत बाजाराला निघालेल्या माणसाच्या खिशातल्या नोटेवर कोण होतं? सहावे जॉर्ज. आणि कराचीत? तेच! झेंडा एका रात्रीत बदलता येतो, नोटा नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना याचं नवल नाही. नवी सिस्टीम लाइव्ह झाली तरी जुनी काही दिवस चालू ठेवावीच लागते.

खरी गंमत पुढे आहे. पाकिस्तानला स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. म्हणून काही काळ आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं काम बघणार असं ठरलं. छापखानाही एकच, आपल्या नाशिकचा. १९२८ पासून नोटा तिथे छापायला सुरुवात झाली होती आणि फाळणीत तो अलीकडे राहिला. मग नेहमीच्याच नोटांवर, मोकळ्या पांढऱ्या जागेत, वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' एवढं उमटवलं. झाली पाकिस्तानची नोट! एप्रिल १९४८ मध्ये त्या बाहेर आल्या. चित्र इंग्लंडच्या राजाचं, नाव भारताच्या रिझर्व्ह बँकेचं आणि गव्हर्नर म्हणून सही चिंतामणराव देशमुखांची, म्हणजे महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या माणसाची.

तेव्हा काश्मीरमध्ये लढाई चालू होती, हे लक्षात घ्या. पाकिस्तानला द्यायच्या ५५ कोटींवरून जानेवारीत केवढं रण माजलं ते आपण जाणतोच. आणि तरी नाशिकहून शेजाऱ्याच्या नोटा जात होत्या! १ जुलै १९४८ ला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली, तेव्हा हा एकत्र संसार मोडला.

आपल्याकडे राजाच्या जागी आधी गांधीजी यायचे होते. डिझाइनंसुद्धा तयार होती. पण शेवटी एकमत झालं ते सारनाथच्या सिंहांवर. १९४९ ची एक रुपयाची नोट ही त्यातली पहिली. मला विचाराल तर बरंच झालं. ज्या माणसाला आपण नुकतंच गमावलं, त्याचा चेहरा लगेच गल्ल्यात टाकायचा, हे कसंसंच वाटतं. गांधीजी नोटेवर आले ते थेट १९६९ साली, जन्मशताब्दीला. बसलेले, मागे सेवाग्राम. आपल्या ओळखीची हसरी मालिका तर १९९६ ची.

बाकी राजा गेल्यावरही नोटेवरची भांडणं संपली नाहीत. १९५३ मध्ये हिंदी ठळक करायची ठरली, तर 'रुपया'चं अनेकवचन काय यावरच वाद! शेवटी 'रुपये' जिंकलं.