न बोलावणारा निरोप

१९५० च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कपासून काही मैलांवर गोल्फ खेळत असलेल्या एका डॉक्टरला खिशातल्या छोट्या यंत्रावरून निरोप मिळाला. पेजरच्या इतिहासातला हा अगदी पहिल्या निरोपांपैकी एक. यंत्र कानाला लावले की त्यातून क्रमांक ऐकू येत. आपला क्रमांक आला की खेळ सोडायचा आणि जवळचा फोन गाठायचा. खिशात मावणाऱ्या निरोपाचा जन्मच असा डॉक्टरला कामावर बोलावण्यासाठी झाला. पुढे पेजर गेला, एसएमएस आला, त्यानंतर व्हॉट्सॲपवरचा ‘ड्यूटी ग्रुप’ आला. बोलावणे तेवढे कायम राहिले. अलीकडे याच निरोपाकडून डॉक्टरांचे मन सावरण्याचे काम करून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. ते समजून घ्यायचे तर जरा मागे जावे लागते.

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो मुळात शब्दशः खरा होता. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तिथे शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी घडवलेल्या शिक्षणपद्धतीत शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहत आणि दिवसरात्र हाकेच्या अंतरावर असत. खुद्द हॉलस्टेड स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून आधी कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या आहारी गेले होते. न थकणाऱ्या डॉक्टरचा आदर्श अशा माणसाच्या हाताखाली घडावा, याहून बोलकी गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

थकव्याला नाव मिळायला १९७४ साल उजाडले. मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथल्या कार्यकर्त्यांची आणि स्वतःचीही जी अवस्था त्यांनी पाहिली, तिला त्यांनी ‘बर्नआउट’ म्हटले. हा शब्द तिथल्या व्यसनी रुग्णांबाबत बोलताना आधीच वापरात होता. रुग्णाचा शब्द अशा रीतीने उपचार करणाऱ्यालाच चिकटला. तरीही कामाचे तास मोजण्याची वेळ आली ती रुग्णाच्या मृत्यूमुळे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्या वडिलांनी लावून धरल्यामुळे १९८९ मध्ये त्या राज्यात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. ती अमेरिकाभर लागू व्हायला २००३ उजाडले.

निरोपाची दुसरी परंपरा याच काळात, पण वेगळ्याच दारातून आली. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांना दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना ओळखीच्या एका तरुणीची पत्रे येत. त्यांत मागणे काही नसे, पण कोणाला तरी आपली आठवण आहे एवढे त्यातून कळे. १९६९ पासून त्यांनी हेच सूत्र तपासून पाहिले. आत्महत्येच्या विचारांमुळे किंवा नैराश्यामुळे दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार न घेणाऱ्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रे गेली. मजकूर दोन-तीन ओळींचाच: तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा, कळवावेसे वाटले तर आनंद होईल. औषध घ्या, तपासणीला या, फॉर्म भरा, असले काहीही नाही. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या; पहिल्या दोन वर्षांत हा फरक सर्वांत ठळक होता.

मोटोंची पत्रे पुढे ऑस्ट्रेलियात पोस्टकार्डे झाली आणि अमेरिकी सैनिकांसाठी एसएमएस झाली. सैनिकांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. मुख्य निकषांवर फरक पडला नाही, दुय्यम निकषांवर थोडा पडला. म्हणजे हे साधन जादूचे नव्हे.

डॉक्टरांपर्यंत ही वाट पोचली ती मिशिगन विद्यापीठातील सृजन सेन यांच्या अभ्यासामुळे. इंटर्नशिपच्या वर्षाआधी आणि त्या वर्षात त्यांनी ७४० तरुण डॉक्टरांची पाहणी केली. आधी नैराश्याची लक्षणे सुमारे ४ टक्क्यांत होती. वर्ष सुरू झाल्यावर कोणत्याही वेळी सरासरी २६ टक्क्यांच्या आसपास. वाढलेले कामाचे तास हे त्यामागच्या कारणांत होते. पुढे २०१८ मध्ये याच गटाने १,५६५ इंटर्नांच्या मोबाइलवर मनःस्थिती, झोप आणि हालचाल यांविषयीचे छोटे संदेश पाठवले. कोणत्या आठवड्यात कोणाला कोणते संदेश जावेत, किंवा जावेतच की नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले जाई. निष्कर्ष विचार करायला लावणारा निघाला. आदल्या आठवड्यात ज्यांचे मन खचलेले होते, त्यांना मनःस्थितीच्या संदेशांचा थोडा आधार झाला. ज्यांचे बरे चालले होते, त्यांचे मन मात्र या संदेशांनी उलट किंचित खालावले.

मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्या यंत्रातून रात्री दोनला ‘वॉर्डात या’ असा निरोप येतो, त्याच यंत्रातून सकाळी ‘स्वतःची काळजी घ्या’ असे आले, तर पडद्यावर बोट ठेवण्याआधी छातीत धस्स होणारच. शिवाय ‘काळजी घ्या’ हीदेखील एक आज्ञाच आहे. तीही पाळायची, तीही जमली नाही तर अपराधी वाटून घ्यायचे. मोटोंच्या पत्रात आज्ञा नव्हती, आणि ते टपालाने येई. टपालाने कोणाला कधी वॉर्डात बोलावलेले नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या सरकारी महाविद्यालयांतले निवासी डॉक्टर ‘मार्ड’च्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे विद्यावेतन, वसतिगृह आणि सुरक्षितता मागत आले आहेत. सलग कामाच्या तासांचे दुःखही त्यात आहेच. एखादे रुग्णालय उद्या त्यांना रोज सुविचार पाठवू लागले, तर ते स्वस्त पडेल. रिक्त पदे भरण्यापेक्षा तर नक्कीच. संदेश पाठवावेत, पण पाठवणाऱ्याने आधी हजेरीपट उघडून पाहावा. १९९२ मध्ये केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी जी योजना जाहीर केली, तिच्यात सलग काम साधारणपणे १२ तासांच्या वर नसावे आणि आठवडा ४८ तासांचा असावा असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती गटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून २०२४ मध्ये अहवाल दिला. त्याने सुचवलेली आठवड्याची मर्यादा ७४ तासांची आहे.