वाढप्याचा घास

धुराने डोळे चुरचुरतायत ना? बाहीने पुसा, पण मसूर ढवळायचं थांबवू नका, खाली लागेल. समोर चुलीची धग, मागे दगडी भिंतीचा गारठा. तोंड भाजतंय आणि पाठ काकडतेय. अंगातल्या लोकरी झग्याला मेंढीचा आणि घामाचा वास येतोय, कारण रात्री तुम्ही त्यातच झोपलात, कंबरेच्या पट्ट्यासकट. तुम्ही सहाव्या शतकात आहात, इटलीत, मोन्ते कास्सिनोच्या डोंगरावर, संत बेनेडिक्टच्या मठात. या आठवड्याची रांधण्या-वाढण्याची पाळी तुमची.

थंडीत पंगत दुपार कलल्यावरच बसते. तुमच्या पोटात कावळे कोकलतायत आणि समोर दोन पातेली रटरटतायत. दोन कशाला? एखाद्याला एक पदार्थ सोसत नसेल, तर त्याने दुसऱ्यावर जेवावं म्हणून.

तेवढ्यात तुमच्या हातात पावाचा तुकडा येतो, घोटभर पेयही. घ्या, चोरून खायची गरज नाही. वाढणाऱ्यांना पंगतीच्या तासभर आधी एवढं द्यायचं, म्हणजे कुरकूर न करता त्यांना वाढता येईल, असं बेनेडिक्टने आपल्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीत लिहून ठेवलंय. प्रार्थना कधी आणि कशी करायची ते सांगणाऱ्या ग्रंथात हे वाचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे किती घरांत सगळ्यांची पानं उठेपर्यंत एक बाई उपाशी वाढत राहिली, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पंगत बसली. कुणी बोलत नाही. एकजण खड्या आवाजात वाचतोय, बाकी फक्त चमच्यांची खडखड, पाव मोडल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला. पलीकडचा तुमच्याकडे बघून बोटांनी खूण करतोय. पाव संपलाय त्याचा. धावा.

आज शनिवार, म्हणजे सुटका इतक्यात नाही. सगळ्यांनी हात-पाय पुसलेले पंचे धुवायचेत. मग पुढच्या आठवड्याच्या पाळीवाल्याबरोबर सगळ्यांचे पाय धुवायचे. भेगाळलेल्या टाचा, नखांत अडकलेली शेतातली माती, आणि पाणी गढूळ होत जाणारं. शेवटी भांडी. घासून, पुसून, एकूण एक कोठारीच्या ताब्यात द्यायची. तो प्रत्येक भांडं उचलून बघतोय. मठातलं साधं पातेलंसुद्धा वेदीवरच्या पूजापात्रासारखं जपायचं, असं त्याला बजावलेलं आहे. तुमच्या पातेल्याच्या बुडाशी करपलेला एक मसूर चिकटलाय. त्याच्या आधी तुम्हाला दिसला, बरं झालं. नखाने खरवडून काढा.

आता या परत. घरी तवा तापलाय, कुणीतरी पोळ्या लाटतंय. पहिली टम्म फुगली, की तिच्यावर तूप सोडा आणि लाटणाऱ्याच्याच हातात द्या. ती खाऊन होईपर्यंत लाटणं तुम्ही धरा.