ऑक्सिजन सेन्सर आणि घटलेले ॲव्हरेज
गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की आज ज्या सुट्या भागावर पहिला संशय घेतला जातो, तो ऑक्सिजन सेन्सर मुळात इंधन वाचवण्यासाठी जन्मालाच आला नव्हता. लॉस एंजेलिसवर दाटणारे धुरके मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची रासायनिक क्रिया होऊन तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, आणि १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर मोटार कारखानदारांना धुरातील विषारी वायू कमी करणे भाग पडले. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकदम निकाल लावणारा उत्प्रेरक परिवर्तक मात्र मोठा हट्टी होता. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण जवळपास काटेकोर राहिले, तरच तो काम करी, आणि एवढी अचूकता कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरची होती.

हे प्रमाण सतत तपासणारा सेन्सर बॉश कंपनीने तयार केला आणि १९७६ मध्ये व्होल्वोच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत तो प्रथम बसला. तापलेल्या झिर्कोनिया या सिरॅमिक पदार्थातून ऑक्सिजनचे आयन वाहतात, या ज्या गुणधर्मावर तो चालतो, त्याचा उपयोग वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या विजेच्या दिव्यात करून घेतला होता. सेन्सरच्या एका अंगाला बाहेरची हवा आणि दुसऱ्या अंगाला इंजिनाचा धूर असतो. धुरात ऑक्सिजन उरला, म्हणजे मिश्रण ‘लीन’ असले, तर सुमारे ०.१ व्होल्ट, आणि पेट्रोल जास्त, म्हणजे ‘रिच’ असले, तर सुमारे ०.९ व्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो, आणि त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल कमीजास्त करतो.

निदानाची पद्धत यामुळे पालटली. कार्बोरेटरच्या काळात मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग पाही. काजळी धरलेला प्लग रिच मिश्रणाची, पांढुरका प्लग लीन मिश्रणाची आणि फिका तपकिरी प्लग योग्य जुळणीची खूण मानली जाई. सेन्सर आल्यावर मात्र व्होल्टचा आकडा किती, यापेक्षा तो किती चपळाईने वरखाली होतो, हे महत्त्वाचे ठरले. काजळी, तेल किंवा सिलिकॉन बसून सेन्सर मंदावला किंवा खालच्या आकड्यावरच अडकला, तर संगणक मिश्रण लीन समजून पेट्रोल वाढवत राहतो आणि गाडी निष्कारण पेट्रोल पिऊ लागते. येथे एक चकवा आहे: सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीचे जोड सैल असतील, तर बाहेरची हवा आत शिरून धडधाकट सेन्सरही लीनच दाखवतो, आणि दोष शोधणाऱ्या स्कॅनरने दिलेला कोड वाचून सेन्सरच बदलणाऱ्याच्या खिशाला नाहक चाट बसते.

भारतात ही यंत्रणा येण्याआधी पेट्रोलमधील शिसे जाणे आवश्यक होते, कारण शिशाचा थर सेन्सरचा प्लॅटिनम पृष्ठभाग आणि उत्प्रेरक, दोन्ही निकामी करतो. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला व तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. २००० सालच्या फेब्रुवारीपासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झालेली, दोष स्वतःच नोंदवून ‘चेक इंजिन’ दिवा लावणारी यंत्रणा भारतीय मोटारींत २०१० नंतर टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ निकष आल्यावर दुचाक्यांच्या धुराच्या नळीतही हा सेन्सर सर्रास दिसू लागला.