सर्पपेटीतील सबस्ट्रेट

पाळीव सापाच्या पेटीच्या तळाशी अंथरलेला थर. सापाचे पोट अहोरात्र या थराला टेकलेले असते, म्हणून त्याची निवड दुकानातील उपलब्धतेवरून नव्हे, तर सापाच्या जातीवरून करावी. दडायला जागा देणे, विष्ठा शोषणे व ओलावा राखणे ही थराची कामे. त्यांत ओलावा सर्वांत महत्त्वाचा.

जाती व ओलावा : अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेकला कोरडा थर मानवतो. त्याच्यासाठी ॲस्पेन लाकडाचे छिलपे वापरतात. त्यांत सापाने केलेले बीळ ढासळत नाही. मात्र पाण्याचे भांडे सांडले की छिलप्यांना बुरशी लागते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून राहतो. त्याच्या पेटीत सुमारे ६० ते ८० टक्के आर्द्रता ठेवतात. त्यासाठी कोकोपीट किंवा सायप्रसची साल योग्य. कोकोपीट ओलवल्यावर मूठभर घेऊन आवळावे : गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. हा थर कोरडा पडला तर कात अखंड न निघता तुकड्यांनी निघते व डोळ्यावरचा जुना पापुद्रा चिकटून राहतो. तो चिमट्याने कधीही ओढू नये. डोळा जायबंदी होतो. उलट थर सतत चिंब राहिला तर पोटाखालचे खवले तांबूस होऊन सडू लागतात.

कागद : नव्या किंवा आजारी सापासाठी पांढरा टिश्यू कागद उत्तम. त्यावर खसखशीपेक्षाही बारीक काळे ठिपके चालताना दिसले, तर ते रक्त शोषणारे माइट होत. कोकोपीटच्या गर्द तपकिरी थरात ते नजरेतून निसटतात.

टाळावयाचे पदार्थ : सीडरचा भुसा, त्यातील उग्र तेले श्वसनमार्गास घातक असतात. भट्टीत वाळवलेल्या पाइनबद्दल पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. भक्ष्याबरोबर वाळू गिळली जाऊन आतडे तुंबू शकते.

थराची जाडी : बीळ करणाऱ्या जातींना निदान ५ ते ८ सेंमी. पेटीखाली हीटर असेल तर थर्मोस्टॅट अनिवार्य. नाहीतर साप खणत तापलेल्या तळापर्यंत पोचतो आणि त्याचे पोट भाजते.

जैवसक्रिय थर : मातीत विष्ठा खाणारे बारीक जीव सोडून विष्ठेचे विघटन घडवतात.

भारतातील स्थिती : नाग, धामण, अजगर, मांडूळ इत्यादी देशी सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, ते घरी पाळता येत नाहीत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या यादीतील बॉल पायथनसारख्या विदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. महाराष्ट्रात घरात साप निघाल्यास तो पेटीत न ठेवता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.