मावळ्याच्या अंगावर काय होते?

नववीच्या गॅदरिंगला आपल्या वर्गाने सिंहगडाच्या लढाईवर नाटुकले बसवले होते, आठवतंय ना? मुलींनाही मावळे व्हायला मिळणार म्हणून आम्ही खूश होतो. भाड्याने आणलेले जरीचे अंगरखे, पुठ्ठ्याच्या ढाली, चांदीचा कागद चिकटवलेल्या तलवारी असा सगळा थाट होता. मुळशीकडच्या गावातून पुण्याला शिकायला आलेला आपला एक वर्गमित्र मात्र घरूनच तयार होऊन आला. गुडघ्याच्या वर खोचलेले धोतर, डोक्याला साधे मुंडासे आणि खांद्यावर आजोबांची घोंगडी. "हा मावळा की गुराखी?" असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. त्याला मागच्या रांगेत उभे केले गेले. मीही हसले होते.

पुढे मी इंजिनिअर झाले, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसू लागले. पण इतिहासाच्या बाईंनी लावलेली वाचनाची सवय सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास हाती आला. साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या या माणसाचे पुस्तक १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शिवाजी महाराजांच्या पायदळाचे वर्णन आहे. मांडीच्या मध्यापर्यंत येणारी आखूड, घट्ट चोळणी, कमरेला आवळून बांधलेला लांब पट्टा, डोक्याला पागोटे, क्वचित सुती अंगरखा. कमरेभोवती आणखी एक वस्त्र, तेच वेळेला शालीसारखे पांघरायचे. ते वाचताना मला आपला तो मित्रच डोळ्यांसमोर दिसला.

हा वेश गरिबीमुळे होता, तसाच कामासाठीही होता. पवन मावळ, मुठे खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ ही सगळी खोरी सह्याद्रीच्या उतारावरची. तिथल्या माणसाला करवंदीच्या जाळीतून, निसरड्या कड्यावरून चालायचे असते. घोळदार अंगरखा पहिल्याच काट्याला अडकेल, आणि अंगभर चिलखत घालून कडा चढणे तर अवघडच.

हत्यारांचेही तसेच. मावळ्याकडे ढाल-तलवार असे, शिवाय तोड्याची बंदूक. तोड्याची म्हणजे जळती वात लावून उडवायची. दक्षिण कोकणातले हेटकरी नेमबाजीत सरस, तर हातघाईच्या तलवारबाजीत मावळे नामांकित. डफने एक बारकावा दिला आहे. दर दहाव्या माणसाकडे बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे. रात्रीच्या छाप्यात बंदुकीचा आवाज आणि वातीचा उजेड दोन्ही घातक, बाण मात्र गुपचूप जातो. सभासद बखरीतली पायदळाची रचनाही दहाचीच आहे. दहा लोकांचा नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि सर्वांवर सरनोबत. पायदळाचे सरनोबत म्हणून येसाजी कंकांचे नाव आपण शाळेत पाठ केले होते. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षे काढल्यावर माझी खात्री आहे, की दहाच्या आसपास माणसे असली की प्रत्येकाला प्रत्येकाचे काम ठाऊक असते. अंधारात कडा चढताना हे फारच गरजेचे.

आणखी एक गोष्ट मला आतून हलवून गेली. हत्यार ज्याचे त्याने आणायचे, सरकारातून मिळायचा तो फक्त दारूगोळा. म्हणजे मावळ्याची तलवार ही घरची वस्तू होती, नांगर-कोयत्यासारखी.

डोंगराळ मुलखातले पायदळ जगात इतरत्रही गाजले. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेला, इराणच्या अल्बुर्झ पर्वतात दैलम नावाचा प्रदेश होता. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या परक्या राजांकडे पायदळात चाकरी करत. त्यांच्यातल्याच बुवैही घराण्याने ९४५ मध्ये बगदाद ताब्यात घेतले. त्यांचे खास हत्यार म्हणजे फेकायला आणि भोसकायला दोन्हीला चालणारा आखूड भाला. सोबत उंच, रंगवलेली ढाल. रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिले की त्या ढालींची भिंत व्हायची. आपल्याकडची ढाल मात्र गोल आणि आटोपशीर, पाठीला अडकवता येणारी. कडा चढायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत! दोघेही डोंगरचेच, पण एकाला पाय रोवून उभे राहायचे होते, दुसऱ्याला वर चढायचे होते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसे सिंहगडाच्या कड्यावर चढली, ती अशीच हलकी असणार.

मग जरीचा मावळा आला कुठून? मला वाटते, जपून ठेवलेल्या वस्तूंमधून आणि नाटक-सिनेमांतून. नक्षीकाम केलेली सरदारांची हत्यारे वाड्यांत, देव्हाऱ्यांत आणि पुढे संग्रहालयांत राहिली. साध्या शिपायाची तलवार गंजली, मोडली, तिच्या लोखंडाचे दुसरे काही झाले. घोंगडी तर विरूनच गेली. केळकर संग्रहालयातली शस्त्रे पाहताना आता मला तिथे नसलेल्या वस्तूच जास्त आठवतात. मूठभर सरदारांचा पोशाख आपण हजारो शेतकऱ्यांच्या अंगावर चढवला आणि खरा पोशाख समोर आला तेव्हा त्याला हसलो.

त्या मित्राचे नाव लिहीत नाही. तो वाचेल आणि ओळखेल. मित्रा, त्या दिवशी स्टेजवर खरा मावळा एकटा तूच होतास. सांगायला इतकी वर्षे लागली, त्याबद्दल माफ कर. आणि तुझ्या आजोबांची ती घोंगडी अजून घरात असेल, तर स्नेहमेळाव्याला घेऊन ये. ग्रुप फोटोत तू पुढच्या रांगेत उभा राहा, मी आनंदाने मागे उभी राहीन.