ट्रंकेतला जोडा

माळ्यावरची ट्रंक दोघांनी मिळून खाली उतरवा. एकट्याला पेलणार नाही. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा खालच्या आळ्यांतल्या कितीतरी पेट्या गाळात रुतल्या. ही वाडी उंचावर आहे आणि ट्रंक माळ्यावर होती, म्हणून वाचली. कडी गंजली आहे. जरा जोर लावा, उघडेल.

आत घोंगडी आहे, तिच्याखाली जुनं धोतर आणि धोतरात गुंडाळलेला बुटांचा जोडा. उचलताच तुम्हाला त्याचं वजन जाणवेल. आजच्या बुटांची सवय झालेल्या हाताला हे लोखंडच वाटतं, आणि ते थोडंफार खरंही आहे. जोडा उलटा करा. तळव्यावर खिळ्यांची जाड डोकी ओळीने बसवलेली आहेत, टाचेला घोड्याच्या नालेसारखी लोखंडी नाल आहे. याला फौजेत अ‍ॅम्युनिशन बूट म्हणत. इंग्रजांच्या फौजेत तो १८८० च्या दशकात आला आणि दोन्ही महायुद्धं चालला. हिंदी फौजेसाठी लागणाऱ्या बुटांचं मोठं केंद्र कानपूर. कूपर अ‍ॅलन कंपनीचा कारखाना तिथलाच.

आता डाव्या पायाचा तळवा नीट बघा. बाहेरच्या कडेचे खिळे झिजून कातड्याच्या बरोबरीला आलेत, आतले अजून वर आहेत. हा माणूस पाय बाहेर टाकून चालायचा.  मी जुने जोडे बघतो तेव्हा आधी तळवा बघतो, वरचं कातडं मागाहून. वरच्या कातड्याला पॉलिश लावून कोणीही फसवील, झिजलेला खिळा खोटं बोलत नाही. अमेरिकेत टेक्सासकडे गुराख्यांच्या जुन्या बुटांचे शौकीन आहेत. १८७९ साली तिथे जस्टिन नावाच्या कारागिराने बूट शिवायला घेतले आणि ते नाव आजही चालतं. त्या बुटाची टाच उंच, कारण रिकिबीतून पाय पुढे निसटायला नको. आपल्या या जोड्याची टाच बसकी, कारण याच्या मालकाला घोडा कधीच मिळणार नव्हता. तो पायदळातला.

कातडं नाकाजवळ न्या. शंभर वर्षांनंतरही त्यात तेल आणि सालीचा तुरट वास आहे. कानपूरकडे कातडं बाभळीच्या सालीत कमवत आणि सोबत हिरडा घालत. तोच हिरडा इथून वर, पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या उतारावर झाडाला लागतो. सह्याद्रीतला हिरडा जहाजांत भरून विलायतेच्या चर्मालयांतही जायचा. रानात वाकून तो गोळा करणाऱ्या बाईच्या पायात मात्र काही नसायचं.

आता पाय आत घाला. हो, तुमचाच. वाद्या ओढा, उभे राहा.

साल १९२१. पायाखालची फळी हलते आहे. मुंबईहून बोटीने तुम्ही बाणकोटला आलात, तिथून होडीने सावित्रीच्या खाडीत शिरलात. भरती संपत आली आहे. दासगावच्या बंदरावर होडी टेकते आणि चिखलात पहिलं पाऊल टाकता तेव्हा खिळे घट्ट रुततात, पाय घसरत नाही. खांद्यावर घोंगडी, खिशात डिस्चार्जचा कागद. तुमची १११वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, लढाई संपली, आणि यंदा मोडली. तुमच्या आज्याच्या वेळी भरती सर्रास होई, बापाच्या वेळी सरकारने महारांची भरती बंद केली. इथून जवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून १८८६ साली निवृत्त झालेले. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी सरकारसाठी लेखी गाऱ्हाणं तयार केलं होतं. तुम्हाला चार वर्षं मिळाली. तेवढ्यात तुम्ही सही करायला शिकलात, बंदूक साफ करायला शिकलात आणि बुटाची वादी न बघता बांधायला शिकलात.

गाव दोन कोसांवर आहे. वाटेत खिळ्यांचा आवाज होतो, कट, कट, कट, अगदी परेडच्या ठेक्यात. मान आपोआप ताठ होते. तुम्ही मनातल्या मनात घराचा दरवाजा गाठता, आई दिसते.

मग वेस येते.

कोणी काही बोलत नाही. पारावर चार माणसं बसली आहेत, त्यातला एक नुसता तुमच्या पायांकडे बघतो. तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे काय करायचं ते. खाली बसा. वाद्या सोडा. दोन्ही वाद्यांची गाठ मारून जोडा गळ्यात अडकवा. चार वर्षांत तळपाय मऊ झालेत, तापलेली माती चटकन लागते. पारावरून पुढे जाताना खिळे छातीवर आपटत राहतात, आवाज न करता. घरी पोचल्यावर आई विचारते, "बूट न्हवं रं मिळालं?" तुम्ही काही न बोलता जोडा धोतरात गुंडाळता आणि ट्रंकेत ठेवता.

सहा वर्षं तो बाहेर येत नाही.

१९२७, मार्चची १९ तारीख. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी आणि बाकीच्या मंडळींनी महाडात परिषद भरवली आहे. डॉक्टर आंबेडकर येणार. कुलाबा जिल्ह्यातून, रत्नागिरीतून माणसं पायी निघाली आहेत, त्यांत तुमच्यासारखे पलटणीतले बरेच. आदल्या रात्री तुम्ही ट्रंक उघडता. कातडं लाकडासारखं कडक झालंय. चुलीपुढे बसून बोटाने करंजेल चोळता, टाच, पंजा, घडी पडते ती जागा. सकाळपर्यंत ते थोडं नरम येतं.

मांडवात उकाडा आहे. परिषदेला लागणारं पाणी विकत घ्यावं लागलंय, चाळीस रुपयांचं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ ला झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ ला चवदार तळं सर्वांना खुलं केलं, आणि तरी पाणी विकत. दुसऱ्या दिवशी चार-चार जणांच्या रांगा लागतात आणि सगळे तळ्याकडे निघतात. बाजारपेठेच्या रस्त्यावर आज तुम्ही जोडा काढत नाही. कट, कट, कट. शेजारचाही पलटणीतलाच, त्याचे पाय आपसूक तुमच्या पायांशी जुळतात. दुकानांच्या फळ्यांआडून डोळे दिसतात. कोणाची वेस नाही, कोणाचा पार नाही.

तळ्याच्या काठाशी बाबासाहेब वाकतात, ओंजळीने पाणी घेतात. मग तुम्ही. वाकताना बुटाचा पंजा दुमडतो आणि कातडं करकरतं. पाणी बेताचंच गार, जरा मचूळ. ते घशाखाली उतरतं तेव्हा तुम्ही काही बोलत नाही.

तुम्ही सगळे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई गावात उठते, मंडपात जेवायला बसलेल्या आणि वाटेने परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडतात. तुमच्या हाताला लाठी चालवता येते, पलटणीत शिकवलंय. हात शिवशिवतात. बाबासाहेबांचा निरोप येतो, शांत राहायचं. लढाईत गोळी झाडण्यापेक्षा हे कठीण आहे. तुम्ही उभे राहता, पाय जमिनीत रोवून. खिळे त्यासाठीच असतात.

जोडा काढा आता. हळू, टाचेला धरून. तुम्ही परत वाडीत आहात.

वरच्या कातड्यावर घडीपाशी पांढरी रेघ दिसते ना, ती घामाचं मीठ आहे. ती घासून काढू नका. बाजारातलं काळं पॉलिश लावू नका, त्याने कातड्याची छिद्रं बुजतात. पडलेला खिळा बदलू नका, टाच नवी बसवू नका. कोकणात खरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात जोडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलात तर दोन महिन्यांत हिरवा होईल. सावलीत वाळवा, मऊ ब्रशाने झाडा आणि आत सुती कापडाचा बोळा भरून ठेवा, म्हणजे आकार बसणार नाही.

महाड-पोलादपूरकडे पलटणीत गेलेल्यांची घरं सगळ्या जातींत आहेत. एका गावाचं नावच फौजी आंबवडे पडलं. माळ्यावर असे जोडे अजून निघतात आणि बहुतेक वेळा किलोच्या भावाने जातात, लोखंडाच्या वजनासाठी. तुमच्या घरी असा जोडा असेल तर देण्याआधी एकदा उलटा करून बघा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, कोणाचा, कुठल्या पलटणीतला, कधी आणला. सांगतील ते कागदावर लिहा आणि तो कागद बुटातच ठेवा.