बीडचे संकेतस्थळ घडते कसे?

बीड जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील मजकूर जिल्हा प्रशासनाचा. बांधणी मात्र १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याच्या संकेतस्थळाची घडण निराळी, म्हणून दुरुस्तीही निराळी. आज बीडसह अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे ‘एस-थ्री-वास’ या सामायिक चौकटीवर उभी आहेत; मूळ दुरुस्ती एकदाच करावी लागते.

सोय दुधारीच. एखादी चूकही तितक्याच वेगाने सर्वत्र पोहोचू शकते, आणि आष्टी-पाटोद्याच्या उमेदवाराला भरतीची सूचना ऐन मुदतीत दिसेनाशी होईल.

या धोक्यावरचा उपाय जुना आहे. ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’चा विचार नव्वदच्या दशकात ग्रेडी बूच आणि केंट बेक यांनी मांडला, २००१ च्या ‘क्रूझकंट्रोल’ने प्रत्येक बदल आपोआप जुळवून तपासण्याची रीत रुजवली. पुढे ही साखळी थेट प्रकाशनापर्यंत वाढली: चाचणी फसली, की नवी आवृत्ती तेथेच अडते आणि जुनी चालू राहते.